डीएसएलआरवर रॉ व्हिडिओ: कारखान्यात घेण्यापासून घरी धुण्यापर्यंत

आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त थांबतात. माझा कॅमेरा मोकळा होतो आणि नेमके त्याच दिवसांत लालबाग-परळचे गणपतीचे कारखाने भरात आलेले असतात. मी लग्नाचे व्हिडिओ करते, राहते चिंचपोकळीला. गेली काही वर्षं पावसाळ्यात मी परळच्या एका कारखान्यात जाऊन बसते आणि तिथल्या मूर्तिकार काकांचं काम टिपते. रॉ व्हिडिओ मी तिथेच शिकले, कारण साध्या व्हिडिओने तिथे हात टेकले होते.

कारखाना म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर ताणलेली निळी ताडपत्री. तिच्यातून गाळून येणारा दिवसाचा उजेड निळा, आत दोन ट्यूबलाइट, काकांच्या डोक्यावर एक पिवळा बल्ब आणि समोर नुकताच सोनेरी रंग लावलेला मुकुट. पहिल्या वर्षी मी कॅमेऱ्याच्या नेहमीच्या व्हिडिओवर शूट केलं. मुकुटाचा सोनेरी रंग पांढरा ठिगळ होऊन बसला, मागच्या मूर्ती काळ्या चिखलात बुडाल्या आणि सोंडेवरच्या गुलाबी शेडिंगचे पट्टे-पट्टे पडले. घरी आल्यावर कितीही रंग ओढले तरी जे टिपलंच गेलं नव्हतं ते आणायचं कुठून?

याचं कारण साधं आहे. नेहमीचा व्हिडिओ कॅमेरा स्वतःच शिजवतो. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) लावतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, कडा टोकदार करतो, मग प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या ठेवून बाकी सगळं फेकून देतो. सेन्सरने मात्र १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत मोजलेलं असतं. रॉ व्हिडिओ म्हणजे ते मोजमाप न शिजवता कार्डावर उतरवणं. जुने फोटोग्राफर रोल धुवायचे, तसं हे फुटेज घरी आणून धुवायचं.

माझ्याकडे कॅननचा ५डी मार्क थ्री आहे, २०१२ साली आलेलं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेला. हा कॅमेरा मुळात रॉ व्हिडिओ देत नाही. त्यासाठी 'मॅजिक लँटर्न' लागतं. कॅननच्या फर्मवेअरच्या (कॅमेऱ्यातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) जोडीने कार्डावरून चालणारं हे मोफत सॉफ्टवेअर ट्रॅमेल हडसन यांनी २००९ मध्ये ५डी मार्क टूसाठी सुरू केलं आणि २०१३ मध्ये त्यातून रॉ व्हिडिओ निघू लागला. हे कॅननचं अधिकृत काम नाही, कॅमेऱ्याला काही झालं तर जबाबदारी आपली. घरात एकच कॅमेरा असेल आणि परवा लग्नाची ऑर्डर असेल, तर आज हे करून बघू नका.

तुमच्याकडे कॅननचा ५५०डी किंवा ६००डी असेल तर निराश होऊ नका, पण अपेक्षा बेताची ठेवा. त्यांचं एसडी कार्ड सेकंदाला साधारण २० एमबीच लिहितं, त्यामुळे फ्रेम लहान ठेवावी लागते किंवा काही सेकंदांत रेकॉर्डिंग थांबतं. शिकायला ते पुरतं. ६५०डी आणि ७००डीवर फ्रेमभर गुलाबी ठिपके दिसले तर सेन्सर बिघडलेला नाही. ते फोकस पिक्सेल (फोकस साधायला सेन्सरवर ठेवलेले वेगळे पिक्सेल) आहेत आणि धुताना निघून जातात.

आधी हिशेब

रॉला हात लावण्याआधी कागद-पेन घ्या. १९२० × १०८० ची एक फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला १४ बिट, म्हणजे सुमारे ३.६ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे जवळपास ९१ एमबी. मिनिटाला साडेपाच जीबी. ६४ जीबीचं कार्ड पावणेबारा मिनिटांत भरतं. याच कॅमेऱ्याचा सगळ्यात भारी नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला ११-१२ एमबी घेतो, म्हणजे रॉ त्याच्या आठपट. मॅजिक लँटर्नमध्ये '१४ बिट लॉसलेस' हा पर्याय आहे, त्यात दर्जा तसाच राहून फाइल बरीच आटते, दृश्यानुसार निम्म्यापर्यंतसुद्धा. मी कायम तोच वापरते, पण कार्ड मोजताना मोठाच आकडा धरते. अंधारात आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) चढवला की नॉइज (चित्रातले दाणे) वाढतो आणि नॉइज आटत नाही.

या हिशेबामुळे काम करायची रीतच बदलते. लग्नात मी कॅमेरा चालू ठेवून फिरते. कारखान्यात आधी अर्धा तास नुसती बसते. काका एका मूर्तीची आखणी करतात, म्हणजे डोळे रेखतात, तेव्हा मी मनात सेकंद मोजते. भुवईला चार. वरच्या पापणीच्या रेघेला सहा. मग ब्रश धुऊन बुबुळ. पुढच्या मूर्तीला हाच क्रम येणार हे कळलं की कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं ते ठरतं. वीस सेकंदांचा शॉट म्हणजे १.८ जीबी, आणि तेवढ्यात संपूर्ण डावा डोळा येतो.

कार्डाचा धडा मात्र मला महागात पडला. वेगवान म्हणून विकलेलं एक सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश, एसडीहून मोठं) कार्ड मी एका दुकानातून स्वस्तात घेतलं. लेबल अगदी ओरिजिनलसारखं. कारखान्यात मोठ्या मूर्तीची आखणी सुरू झाली आणि दर तीन-चार सेकंदांनी रेकॉर्डिंग बंद पडायला लागलं. घरी मोजलं तर कार्ड सेकंदाला ३० एमबीसुद्धा लिहीत नव्हतं. त्या मूर्तीचे डोळे माझ्याकडे नाहीत आणि ती मूर्ती विसर्जित झाली. तेव्हापासून मी कॅमेरा सोबत घेऊनच कार्ड घ्यायला जाते. मॅजिक लँटर्नमध्ये 'बेंच' नावाचं मॉड्यूल आहे, ते कार्डाचा लिहिण्याचा वेग मोजून देतं. फोर्टला बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांची रांगच आहे. काउंटरवर उभं राहून 'जरा तपासून घेते' म्हटलं तर बहुतेक कोणी नाही म्हणत नाही. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. कार्डावर यूडीएमए ७ आणि १०००एक्स किंवा त्याहून वरचा आकडा असावा, या वेगाच्या खुणा आहेत. आणि रॉ सीएफ स्लॉटवरच घ्या, या कॅमेऱ्याचा एसडी स्लॉट फार मंद आहे.

मॅजिक लँटर्न बसवणं

हे वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. कॅमेऱ्याचं कॅनन फर्मवेअर १.१.३ किंवा १.२.३ यांपैकीच एक असायला हवं, आणि त्याच आकड्यासाठी बनवलेली मॅजिक लँटर्नची फाइल उतरवून घ्यायची. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, फाइल उघडून आतलं सगळं कार्डाच्या मुळाशी (कोणत्याही फोल्डरच्या आत नाही) टाका, मग कॅननच्या मेनूतून फर्मवेअर अपडेट चालवा. काम झाल्याचा संदेश आला की कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा. आता कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं की नवा मेनू उघडतो. मॉड्यूल्सच्या पानावर 'एमएलव्ही लाइट', 'एमएलव्ही प्ले', 'एमएलव्ही साउंड' आणि 'बेंच' चालू करा ('एमएलव्ही' हा मॅजिक लँटर्नच्या रॉ व्हिडिओ फाइलचा प्रकार), पुन्हा एकदा बंद-चालू करा.

एक सवय आजपासून लावून घ्या: कार्डाचं झाकण उघडल्यावर लाल दिवा पूर्ण विझेपर्यंत कार्ड ओढायचं नाही.

कारखान्यात

रॉमध्ये व्हाइट बॅलन्स आणि पिक्चर स्टाइल फक्त स्क्रीनपुरते असतात, ते नंतर बदलता येतात. शटर, ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक, एफ/ चा आकडा), आयएसओ आणि फोकस मात्र कायमचे. म्हणून जागेवर जेवढी मेहनत घ्यायची ती या चारांवर.

शटरपासून सुरुवात करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. कॅमेरा पॅलवर (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत), २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन ठोके मिळतात आणि उजेड स्थिर राहतो. १/६० ठेवलंत तर फ्रेमवरून फिकट-गडद पट्टे सरकत जातील, आणि रॉ असलं तरी ते पट्टे पुसता येत नाहीत. हल्ली कारखान्यांत स्वस्त एलईडी पट्ट्या आल्यात. त्यांतल्या काही १/५० वरसुद्धा लुकलुकतात. पाच सेकंद घेऊन, 'एमएलव्ही प्ले'मध्ये बघून मगच पुढे जा.

आयएसओ १००, २००, ४००, ८००, १६०० एवढेच वापरा. मधले १६०, ३२० वगैरे कॅमेरा आकडे गुणून-भागून बनवतो, रॉमध्ये त्यांचा उपयोग नाही. आखणीच्या वेळी माझं ठरलेलं असतं: १०० एमएम मॅक्रो, एफ/५.६, आयएसओ ८००. एवढ्या जवळून एफ/२.८ वर ब्रशचं टोक स्पष्ट आणि पापणी धूसर होते. फोकस हाताने, दहापट मोठं करून, रेकॉर्ड दाबण्याआधी. काका भुवई ओढताना श्वास धरतात. शून्य नंबरचा ब्रश रंगात बुडवून ते बशीच्या कडेला दोनदा टेकवतात, टोक जमवतात, मग हात मूर्तीच्या गालाशी नेऊन करंगळी टेकवतात. ती करंगळी टेकली की मी बटण दाबते. तेव्हा ब्रश जिथे येणार त्या जागेवर फोकस आधीच बसलेला असतो.

एक्सपोजरसाठी कॅननच्या हिस्टोग्रामवर (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणाऱ्या आलेखावर) विसंबू नका, तो शिजवलेल्या चित्राचा असतो. मॅजिक लँटर्नचा रॉ हिस्टोग्राम लावा, तो सेन्सरने खरोखर काय मोजलं ते तिन्ही रंगांत वेगवेगळं दाखवतो. बल्बाखाली सोनेरी मुकुट घेताना लाल रंग सगळ्यांत आधी उजव्या भिंतीला टेकतो असा माझा अनुभव. तो टेकण्याच्या अर्धा स्टॉप अलीकडे थांबा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मुकुटाच्या उंचवट्यावर बल्बाचं जे मोहरीएवढं प्रतिबिंब पडतं ते जळू द्या. ते वाचवायला गेलात तर सगळी मूर्ती अंधारात जाईल. पण मुकुटाचा पृष्ठभाग जळता कामा नये. जळलेला पिक्सेल म्हणजे त्या जागी माहितीच नाही. अंधाराचं त्यापेक्षा बरं: मागच्या कच्च्या, पांढऱ्या मूर्ती दोनेक स्टॉपनी उजळता येतात, नॉइज थोडा येतो, पण त्यांचा आकार परत मिळतो.

'ड्युअल आयएसओ' या सोयीचा बराच गवगवा आहे. त्यात सेन्सरच्या ओळींच्या जोड्या आलटून पालटून दोन वेगळ्या आयएसओंवर वाचल्या जातात, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही पदरात. स्थिर फोटोला ती फार चांगली. व्हिडिओत बारीक तिरप्या रेघांना दातरे पडतात, आणि भुवई तर बारीक तिरपी रेघच आहे. मी वापरत नाही.

उजेड मिसळलेला असेल तर रॉ सगळं सांभाळून घेईल असं समजू नका. निळी ताडपत्री आणि पिवळा बल्ब एकाच गालावर पडले तर कोणताही एक व्हाइट बॅलन्स दोघांना पुरा पडत नाही. जागेवरच एक दिवा कमी करणं सगळ्यांत सोपं. मी विचारते, "काका, तो बल्ब थोडा वेळ बंद केला तर चालेल का?" शेडिंग चालू असेल तर ते हो म्हणतात. आखणी असेल तर, "नाही गं पोरी, आता हात नको लावू." मग मी ताडपत्रीच्या बाजूला काळं कापड बांधते. उजेड बदलला की दोन सेकंद करडं कार्ड (रंग जुळवायचा राखाडी पुठ्ठा) मूर्तीच्या चेहऱ्यासमोर धरून टिपून ठेवा. घरी तासभर वाचतो.

दिवसा बाहेर, मूर्ती मंडळाकडे निघते तेव्हा उलटी अडचण. १/५० आणि आयएसओ १०० वर स्वच्छ उन्हात एफ/२२ लागतं. एफ/२.८ वर यायचं तर सहा स्टॉप कापणारा एनडी ६४ फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) हवा. शटर वाढवून भागवू नका, ढोल-ताशावाल्यांचे हात तुटक दिसतात.

प्लॅस्टरची भुकटी आणि स्प्रे गनचा तुषार दोन्ही वाईट. आत शिरल्यावर लेन्स बदलायची नाही, पुढे साधा यूव्ही फिल्टर असू द्यावा, कॉम्प्रेसर सुरू झाला की कॅमेऱ्यावर पिशवी. एसी गाडीतून उतरलात तर बॅग न उघडता वीस मिनिटं ठेवा, नाहीतर ऑगस्टच्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर चित्र चालू ठेवून) माझ्या जुन्या बॅटऱ्या तासभर जेमतेम चालतात, मी तीन नेते. शॉट नसेल तेव्हा लाइव्ह व्ह्यू बंद ठेवावा. सेन्सर तापला की अंधारात पांढरे ठिपके वाढतात.

रेकॉर्डिंगच्या वेळी कोपऱ्यातल्या खुणेकडे लक्ष असू द्या. हिरवी असेल तर निर्धास्त, लाल झाली तर कार्ड मागे पडतंय. अशा वेळी मॅजिक लँटर्नच्या मेनूतला 'ग्लोबल ड्रॉ' बंद करा. स्क्रीनवरची नक्षी कमी झाली की लिहायचा वेग थोडा वाढतो.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या आणि कॅमेऱ्याचा आवाजही चालू राहू द्या. सुरुवातीला एक टाळी. घरी त्या दोन लाटा जुळवून घेता येतात.

घरी: धुलाई

आधी नक्कल. कार्डावरच्या एमएलव्ही फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर गेल्याशिवाय आणि दोन-चार क्लिप उघडून बघितल्याशिवाय मी कार्ड पुसत नाही. कार्डरीडर यूएसबी ३ चा हवा. फाइलच्या जोडीला एम००, एम०१ अशा शेपट्या दिसल्या तर त्या एकाच क्लिपचे तुकडे आहेत. एकाच फोल्डरमध्ये राहू द्या, नाव बदलू नका.

धुलाईला मी 'एमएलव्ही ॲप' वापरते, मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. क्लिप उघडली की आधी दुरुस्त्या: खराब पिक्सेल, उभ्या रेघा, आणि ७००डीसारखा कॅमेरा असेल तर फोकस पिक्सेल. मग करड्या कार्डाच्या क्लिपवर व्हाइट बॅलन्सचा पिकर टेकवा आणि आलेले आकडे त्या उजेडातल्या सगळ्या क्लिपना चिकटवा. नंतर एक्सपोजर. आपण मुद्दाम उजवीकडे झुकवून टिपलेलं असतं, त्यामुळे चित्र आधी फिकट दिसेल. घाबरू नका, स्लायडर खाली घ्या. पहिल्यांदा मुकुटातली नक्षी पांढऱ्यातून वर आली तेव्हा मी तो स्लायडर नुसता मागे-पुढे करत बसले होते.

डीबेयर म्हणजे सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या चौकटींतून पूर्ण रंगाचं चित्र विणणं. बघताना हलका पर्याय ठेवा, शेवटच्या एक्सपोर्टला 'अमेझ' निवडा. लॅपटॉप तापेल आणि वेळ लागेल, पण भुवईची कड त्यातच नीट येते. हायलाइट रिकन्स्ट्रक्शन एखादाच रंग जळला असेल तेव्हा कामाचं.

पुढे दोन वाटा आहेत. पहिली, लॉग प्रोफाइल (रंग सुधारायला जागा ठेवणारं फिकट चित्र) लावून प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा ४४४४ ही व्हिडिओ फाइल काढायची आणि 'डाविंची रिझॉल्व्ह' या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट करायचं. दुसरी, सिनेमा-डीएनजी काढायचं. त्यात प्रत्येक फ्रेमची स्वतंत्र फाइल बनते, वीस सेकंदांच्या ५००. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही त्या उघडतात आणि कॅमेरा रॉच्या पॅनलमध्ये व्हाइट बॅलन्स तेव्हाही बदलता येतो. माझी पसंती पहिलीला, फक्त आखणीचे शॉट दुसऱ्या वाटेने. रिझॉल्व्हमध्ये क्लिप टाकण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट २५ करा, टाकल्यावर तो बदलत नाही. रॉला कॅमेऱ्याची धार लावलेली नसते, म्हणून चित्र मऊ वाटतं. अगदी थोडं शार्पन पुरे.

सगळं एमएलव्ही जन्मभर सांभाळणं परवडत नाही. एडिट झालं की मी वापरलेल्या तुकड्यांना इन-आउट लावून एमएलव्ही ॲपमधूनच पुन्हा एमएलव्ही काढते, लॉसलेस. तेवढंच ठेवते. एक डिस्क घरी, एक बहिणीकडे डोंबिवलीला.

गेल्या वर्षी आखणीचा शॉट धुऊन झाला. माझ्या मते रंग बरोबर होते, करड्या कार्डाला धरून. फोनवर दाखवण्यापेक्षा लॅपटॉपच कारखान्यात घेऊन गेले. काकांनी चष्मा लावला, दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "गाल जांभळट दिसतोय. माझ्या गुलाबीत पिवळा असतो." त्यांनी बशीतला सुकलेला रंग स्क्रीनच्या शेजारी धरला. मी एमएलव्ही ॲप उघडून टिंट थोडा हिरव्याकडे ढकलला, तापमान जरा वर घेतलं. "अजून. अजून थोडं. बस." ते आकडे मी रिसीट (एमएलव्ही ॲपमधली सेटिंगची फाइल) म्हणून जतन केले, नाव दिलं 'परळ ट्यूब, काकांचा गुलाबी'. या वर्षी त्या कोपऱ्यातली प्रत्येक क्लिप आधी त्याच रिसीटवर उघडते.